वाटाघाट कीं नाकेबंदी?
(वऱ्हाड-हैदराबाद सरहद्दीवरील १९४७-४८ चा दाखला)

शेजारीं अनियंत्रित सत्ता नांदत असतां लोकमतानें चालूं पाहणाऱ्या राज्यानें तिच्याशीं तहाची बोलणीं करावीं, कीं तिचा व्यापार-उदीम अडवून तिला वठणीवर आणावें, हा प्रश्न राजनीतीच्या ग्रंथांत बहुधा अमूर्त रूपानें चर्चिला जातो. मराठी मुलुखापुरतें पाहिल्यास त्याची प्रत्यक्ष परीक्षा दोन वेळां झालेली आहे. एकदां १९४७-४८ सालीं निजामाच्या हैदराबादसंबंधानें, व दुसऱ्यांदा पोर्तुगीज गोव्यासंबंधानें. दोन्ही ठिकाणीं आधीं बोलणीं, मग अडवणूक व शेवटीं सैन्य असाच क्रम लागला. तथापि या क्रमांतील प्रत्येक पायरीनें नेमकें काय साधलें व त्याची किंमत कोणीं दिली, याचा हिशेब कागदपत्रांवरून मांडण्याचें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं. तो हिशेब मांडतांना कोणते कागद हातीं घ्यावे लागतील, व आजवर प्रसिद्ध झालेल्या साधनांवरून काय म्हणतां येतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हैदराबादचा दाखला राळेगांवाकडून पाहण्यास एक विशेष कारण आहे. राळेगांव तालुक्याच्या एका अंगास वर्धा नदी आहे. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरांत अडगांवची लढाई व डिसेंबरांत गाविलगडचा पाडाव झाल्यावर ता. १७ डिसेंबर १८०३ रोजीं देवगांवचा तह झाला. त्या तहान्वयें नागपूरकर भोसल्यांनीं वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडून दिलें व तें इंग्रजांनीं निजामाच्या पदरीं घातलें. म्हणजे पुढील पन्नास वर्षें ही नदी दोन राज्यांमधील सरहद्द होती. अलीकडे राळेगांव निजामाचें, पलीकडे हिंगणघाट भोसल्यांचें. १८५३ सालीं कंटिंजंट फौजेच्या खर्चाच्या नांवाखालीं वऱ्हाड इंग्रजांनीं आपल्या व्यवस्थेखालीं घेतलें. तें परत मिळावें म्हणून सर सालारजंगांनीं केलेली खटपट प्रसिद्धच आहे. ती फळास आली नाहीं. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमचा पट्टा करून घेतला. १९३६ सालच्या करारानें तर मोठी चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. वऱ्हाडावरील निजामाचें स्वामित्व मान्य करावयाचें, त्याच्या वारसास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब द्यावयाचा, वऱ्हाडांत त्याचें निशाण लावूं द्यावयाचें, गव्हर्नरच्या नेमणुकीपूर्वीं त्याचा सल्ला घ्यावयाचा. परंतु कारभार मात्र नागपुराहून, निवडून आलेल्या कायदेमंडळाच्या अनुमतीनें चालावयाचा!

तेव्हां पूर्व वऱ्हाडांतील मतदार १९३७ सालीं जेव्हां मत देण्यास गेला, तेव्हां तो कायद्याच्या अक्षरार्थानें एका एकतंत्री राजाच्या स्वामित्वाखालील प्रदेशांत राहून लोकप्रतिनिधि निवडीत होता. हा विनोद नव्हे. एकतंत्री सत्तेशीं केलेले करार कागदावर किती काळ जिवंत राहतात व त्यांच्या अंगाखालीं प्रत्यक्ष व्यवहार किती निराळा होऊन बसतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण मिळणें कठीण. वाटाघाटीच्या पक्षाचे लोक यावरून असा बोध घेतील कीं, शब्दांत मान राखला तर वस्तु हातीं राहते. विरुद्ध पक्ष म्हणेल कीं, शब्दांत राखलेला मान पुढें हक्क म्हणून परत मागण्यांत येतो. या मुलुखाच्या इतिहासांत दोन्हींस आधार आहे.

१९४७ सालीं इंग्रज निघाले त्या वेळीं हैदराबाद संस्थान सुमारें ८२ हजार चौरस मैलांचें व १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें एक कोटि त्रेसष्ट लक्ष वस्तीचें होतें. जून १९४७ मध्यें निजामानें आपण कोणत्याहि डोमिनियनांत सामील होणार नाहीं असें जाहीर केलें. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा, म्हणजे उमरखेडपासून पांढरकवडा-वणीपर्यंतचा पैनगंगेचा कांठ, एका रात्रींत परराष्ट्राची सरहद्द होण्याचा प्रसंग आला. नागपूर-हैदराबाद सडक वर्धा ओलांडून राळेगांव तालुक्यांतील वडकीवरून पांढरकवड्यास व तेथून पैनगंगेपार आदिलाबादेस जाते. पलीकडील किनवट व राजुरा हे त्या वेळीं निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यांतील तालुके होत. राज्यपुनर्रचनेंत १९५६ सालीं ते नांदेड जिल्ह्यांत आले, व राजुरा पुढें १९५९ सालीं चांद्यास जोडला गेला. हा तपशील येथें देण्याचें कारण असें कीं, त्या काळांतील कागद शोधणारा पुष्कळदां चुकीच्या जिल्ह्याच्या दप्तरांत हात घालतो.

आतां बोलण्यांचा वृत्तांत. हैदराबादचें शिष्टमंडळ ११ जुलै १९४७ पासून दिल्लीस येऊं-जाऊं लागलें. छत्तारीचे नवाब त्याचे प्रमुख व सर वॉल्टर मॉंक्टन हे कायदेपंडित सल्लागार. ऑक्टोबरअखेर कराराचा मसुदा ठरला, निजामाच्या कार्यकारी मंडळानेंहि त्यास मान्यता दिली. परंतु ता. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं पहाटे इत्तेहादुल मुसलमीनच्या जमावानें छत्तारी, मॉंक्टन व सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला व शिष्टमंडळ दिल्लीस जाऊं दिलें नाहीं. माझ्या मतें साऱ्या प्रकरणाचा निकाल या दिवशींच लागला. वाटाघाट ज्याच्याशीं करावयाची त्याच्या हातांत सत्ता असली पाहिजे. निजाम हा नांवानें अनियंत्रित राजा होता खरा. परंतु आपल्याच दिवाणास घराबाहेर काढून गाडींत बसविण्याची शक्ति त्याच्यांत उरली नव्हती, किंवा इच्छा नव्हती. दोहोंपैकीं कोणतें खरें हा वाद राहूं द्या. बोलणीं करणारास दोन्हींचें फळ एकच.

मग हिंद सरकारनें तरीहि ता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं एक वर्षाचा 'जैसे थे' करार कां केला? याचें उत्तर त्याच २७ ऑक्टोबरला दुसरीकडे घडलेल्या गोष्टींत आहे. त्या दिवशीं हिंदी फौजेच्या पहिल्या तुकड्या श्रीनगरास उतरल्या. उत्तरेस लढाई पेटलेली असतां दक्षिणेंत दुसरी उभी करणें शहाणपणाचें नव्हतें. म्हणजे हा करार तत्त्वाचा नसून सवडीचा होता, व ही गोष्ट दोन्ही पक्ष जाणून होते. परराष्ट्रीय व्यवहार, संरक्षण व दळणवळण हीं पूर्वींप्रमाणें चालावीं, उभय पक्षांनीं एकमेकांकडे एजंट-जनरल ठेवावे, तंटा पडल्यास लवादाकडे न्यावा, अशीं कलमें होतीं. हैदराबादेस कन्हैयालाल मुनशी गेले. दिल्लीस झैन यार जंग आले. इकडे दिवाणगिरी मीर लायक अलींकडे व खरी सत्ता कासीम रझवींच्या रझाकारांकडे गेली.

कराराची शाई वाळते न वाळते तोंच हैदराबादेनें दोन वटहुकूम काढले. एकानें मौल्यवान् धातु हिंदुस्थानांत नेण्यास बंदी केली; दुसऱ्यानें हिंदी चलन संस्थानांत कायदेशीर राहिलें नाहीं. शिवाय पाकिस्तानास वीस कोटि रुपयांचें कर्ज हिंदी सरकारी रोख्यांच्या रूपानें देऊं केल्याचें उघडकीस आलें. पैशाच्या वटहुकुमाचा सरहद्दीवर काय अर्थ होतो हें बाहेरच्या वाचकास चटकन् ध्यानांत येणार नाहीं. संस्थानाचें चलन हाली. सात हाली रुपयांस सहा कलदार हा साधारण भाव. नदीच्या दोन्ही तीरांवर ज्यांचीं शेतें, सोयरीक व आठवड्याचा बाजार, त्या लोकांच्या कनवटीला दोन्ही नाणीं असावयाचीं. एक नाणें एका तीरावर गुन्हा ठरलें कीं बाजार मोडला. अडवणुकीचें पहिलें शस्त्र अशा रीतीनें एकतंत्री पक्षाकडूनच उपसलें गेलें, हें पुष्कळ लेखक विसरतात.

हिंदी पक्षाच्या अडवणुकीसंबंधानें साधनांत एकवाक्यता नाहीं. हैदराबादची तक्रार अशी कीं औषधें, पाणी शुद्ध करण्याचें क्लोरिन, मीठ, पेट्रोल हीं सर्व रोखण्यांत आलीं व हा कराराचा भंग होय. दिल्लीचें म्हणणें असें कीं बंदी शस्त्रें व युद्धोपयोगी जिन्नस यांचीच होती. मुनशींचा 'दि एंड ऑफ ॲन एरा', व्ही. पी. मेनन यांचा संस्थानांच्या विलिनीकरणावरील ग्रंथ व लायक अलींचें 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद' हीं तीन पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं असतां एकाच घटनेचीं तीन चित्रें दिसतात. आणि तिघेहि स्वतः पक्षकार होते हें विसरून चालणार नाहीं. खरा पुरावा या तिन्हींच्या खालच्या थरांत असला पाहिजे, म्हणजे नाक्यांवरील वह्या, स्टेशनांवरील मालाच्या पावत्या व मुंबई, मद्रास आणि मध्यप्रांत-वऱ्हाड या तीन प्रांतांच्या जिल्हा-कचेऱ्यांतील हुकूम यांत. ज्या राज्यास समुद्रकिनारा नाहीं त्यास मीठ बाहेरूनच यावयाचें. तेव्हां तें किती आलें व केव्हां थांबलें हें मोजतां येण्याजोगें आहे.

मिठावरून एक जुना कागद आठवतो, व तो आमच्या वाचकांस परिचित असेल. इ. स. १६७१ मध्यें श्रीशिवछत्रपतींनीं मामले कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस जें पत्र लिहिलें, त्यांत पोर्तुगिजांच्या बारदेशांतील मीठ स्वस्त पडल्यामुळें उदमी तिकडे वळतात व आपल्या मुलखांतील मिठाचा व्यापार बुडतो, सबब त्या मिठावर जबर जकात बसवून तें महाग पाडावें, अशी आज्ञा आहे. हें पत्र कित्येक वेळां 'शत्रूची आर्थिक कोंडी' म्हणून दाखविण्यांत येतें; माझ्या समजुतीप्रमाणें तसें नाहीं. त्या जकातीचा हेतु आपले मिठागर राखण्याचा होता. पोर्तुगीज विजरईचें मन वळविण्याचा नव्हे. जें साधावयाचें तें आपल्या हद्दींत, आपल्या हुकमतीनें साधण्याजोगें होतें. १९४८ च्या अडवणुकीनें मात्र दुसऱ्याच्या दरबारांतील निर्णय फिरवावयाचा होता. पहिला उपाय सुभेदाराच्या हातचा. दुसऱ्याचें यश शत्रूच्या मनावर अवलंबून. दोहोंस एका नांवानें ओळखल्यामुळें या विषयांत बराच घोटाळा माजला आहे.

१९४८ ची कोंडी या दुसऱ्या कसोटीस उतरली काय? प्रसिद्ध वृत्तांतावरून उत्तर नकारार्थी द्यावें लागतें. सरहद्दीवर जें रोखावयाचें मुख्य, तीं शस्त्रें, सिडने कॉटन नांवाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाच्या विमानांतून कराचीहून थेट बीदर, वरंगळ येथें उतरत होतीं. विमानास नाका नसतो. जें रोखलें गेलें त्याची झळ दवाखान्यास व गोरगरिबांच्या चुलीस लागली; निजामाच्या खजिन्यास लागण्याचें कारण नव्हतें. उलट 'बाहेरचा शत्रु उपासमार करतो' ही भाषा रझवींस आयती मिळाली. जून १९४८ मध्यें लॉर्ड माउंटबॅटन यांनीं जातां जातां शेवटचा मसुदा तयार केला. सामिलीकरणावर लोकांचें मत घ्यावें, जबाबदार राज्यपद्धति आणावी, रझाकार हळूहळू मोडावे, अशा त्यांतील अटी निजामास पुष्कळ सवलतीच्या होत्या. सरदार पटेलांनीं आजारीपणांत, डेहराडूनला, मोठ्या नाखुषीनें त्यास संमति दिली. हैदराबादनें तोहि नाकारला. ता. २१ जून रोजीं माउंटबॅटन गेले. सहा महिन्यांच्या कोंडीनें जो दरबार मऊ झाला असता, त्यानें असा मसुदा परत लावला नसता.

परंतु एवढ्यावरून वाटाघाटी व्यर्थ गेल्या असें म्हणणेंहि बरोबर नाहीं. त्या दहा महिन्यांच्या पत्रव्यवहारानें एक गोष्ट निर्विवाद झाली कीं, दिल्लीनें लोकमताचा कौल देऊं केला व हैदराबादनें तो घेतला नाहीं. ता. २१ ऑगस्ट १९४८ रोजीं निजामानें राष्ट्रसंघाच्या सुरक्षा-समितीकडे धांव घेतली, त्या वेळीं दिल्लीच्या हातांत हाच पुरावा होता. येथें एक प्रांजळ गोष्ट नमूद केली पाहिजे. १९४८ चें हिंदी संघराज्य आज आपण ज्यास लोकशाही म्हणतों तसें अद्याप नव्हतें. प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक १९५१-५२ सालीं झाली, आणि नागपूरचें कायदेमंडळ १९४६ च्या मर्यादित मताधिकारावर निवडलेलें होतें. लोकसत्ता घडत असतां तिला हा प्रश्न सोडवावा लागला, हें तिच्या बाजूनें व विरुद्ध, दोन्हीकडे मोजावें.

करार दिल्ली-हैदराबादचा, त्याचे दहा महिने मोजले सरहद्दीनें. पैनगंगेपलीकडून लोकांचे तांडे वऱ्हाडांत येत होते. हैदराबाद स्टेट काँग्रेसनें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं लढा चालविला होता व त्याच्या छावण्या सरहद्दीलगत पडल्या होत्या; उमरखेड हें त्यांतील एक ठाणें. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं दिल्लीस गांधीजींचा वध झाला त्याच दिवशीं, नांदेड जिल्ह्यांतील उमरीची बँक लढ्याच्या खर्चासाठीं लुटण्यांत आली. यावरून एक नाजूक प्रश्न निघतो. एका हातानें 'जैसे थे' करार पाळणाऱ्या राज्याच्या हद्दींतून दुसऱ्या राज्यावर सशस्त्र चाली होतात, तेव्हां तें राज्य करार पाळतें असें म्हणावें काय? लायक अलींनीं याच मुद्यावर बोट ठेवलें आहे. उलट पक्षाचें उत्तर असें कीं, रझाकार हिंदी हद्दींतील गांवांवरहि घाला घालीत होते, आणि ज्या प्रजेस आपल्या राज्यांत तोंड उघडण्याची सोय नाहीं ती शेजारच्या हद्दींतूनच बोलणार. हैदराबादेंतील 'इमरोज' पत्राचे संपादक शोएब उल्लाखान यांनीं सामिलीकरणाचा पक्ष लिहून मांडला, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांचा खून झाला. हें उदाहरण त्या उत्तरास पुरेसें बळ देतें. त्यांच्या धर्माकडे पाहतां हा लढा केवळ हिंदु-मुसलमानांचा होता असें लिहिणारांनींहि थोडें थांबावें.

शेवटचा प्रकार सर्वांस ठाऊक आहे. ता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं सोलापूर व बेझवाडा या दोन मुख्य बाजूंनीं फौजा शिरल्या, ता. १७ रोजीं निजामानें युद्ध थांबविलें, ता. १८ रोजीं जनरल एल. एद्रुस यांनीं मेजर-जनरल चौधरी यांच्यापुढें शरणागति लिहून दिली. पांच दिवसांत काम झालें म्हणून यास 'पोलिस कारवाई' हें सौम्य नांव मिळालें. मात्र त्या नांवाखालीं काय झांकलें गेलें तें पुष्कळ दिवस कळलें नाहीं. पंडित नेहरूंनीं पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काजी अब्दुल गफार प्रभृतींच्या मंडळानें त्याच वर्षाच्या अखेरीस हिंडून जो अहवाल दिला, त्यांत कारवाईच्या वेळीं व नंतर मारल्या गेलेल्या लोकांची संख्या कमीत कमी २७ हजार ते ४० हजार अशी धरली आहे. मृतांत मुसलमान प्रजाच प्रामुख्यानें होती, व सर्वांत अधिक हानि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांत झाली. यांपैकीं नांदेड पैनगंगेच्या थेट पलीकडे. हा अहवाल सुमारें पासष्ट वर्षें सरकारी दप्तरांत पडून राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांस पाहतां येऊं लागला. ज्या वैरास रझाकारांनीं खतपाणी घातलें व ज्यास कोंडीच्या महिन्यांत आणखी धार आली, त्याचें उट्टें कोणावर निघालें, हें हा अहवाल सांगतो. कोंडी व बोलणीं यांची तुलना पांच दिवसांच्या विजयाशीं करून थांबणारे लेखक हा खर्च जमेस धरीत नाहींत, आणि म्हणून त्यांचा हिशेब जुळतो.

गोव्याकडे थोडक्यांत वळूं. हिंद सरकारनें फेब्रुवारी १९५० मध्यें पोर्तुगालाशीं बोलणीं सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला. सालाझारच्या सरकारनें गोवें हा पोर्तुगालचाच भाग, तेव्हां बोलण्यास विषयच नाहीं, अशी भूमिका घेतली. ११ जून १९५३ रोजीं लिस्बनमधील हिंदी वकिलात बंद झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यावर आगगाडी, व्यापार, पैशाची ने-आण हीं तोडण्यांत आलीं. ही कोंडी हैदराबादच्यापेक्षां उघड, दीर्घ व पद्धतशीर होती. आणि तिचें फळ? गोव्यास समुद्र आहे. धान्य-कापड बाहेरून आलें, लोखंडाची माती मुरगांवांतून जपानादि देशांस भरपूर जाऊं लागली, व कांहीं घराण्यांस भरभराटीचे दिवस आले. मुंबईंत नोकरी करणाऱ्या गोवेकराच्या घरचे पैसे मात्र अडले. १९६१ च्या डिसेंबरांत १७ ते १९ तारखांत सैन्यानेंच निकाल लावला. आणि पोर्तुगालानें हिंदी स्वामित्व मान्य केलें तें १९७४ सालीं, लिस्बनांतील एकतंत्री राजवट कोसळल्यानंतर. म्हणजे चौदा वर्षांत न बोलणीं फळलीं, न कोंडी. जें बदललें तें त्या देशाच्या आंतून.

दोन्ही दाखले समोर ठेवून माझें मत मांडावयाचें तर तें असें : शस्त्रें व युद्धसाहित्य यांची बंदी योग्य व आवश्यक होती, कारण ती आपल्या सीमेवर आपणच पाळावयाची गोष्ट आहे, मीठ, औषधें व मजुराच्या घरची मनीऑर्डर यांची बंदी हा निराळा प्रकार, आणि त्यानें दोन्ही ठिकाणीं सत्ताधाऱ्याऐवजीं प्रजेस पकडलें. बोलणीं चालूं ठेवावींत, पण ज्याच्या सहीस त्याच्या घरींच किंमत नाहीं त्याच्या सहीवर मुदती वाढवूं नयेत. २७ ऑक्टोबर १९४७ नंतर दिल्लीनें मुदत वाढवून दिली ती काश्मीरमुळें. तो नाइलाज होता. त्यास मुत्सद्देगिरीचें नांव देऊं नये.

हें मत तपासून पाहण्याजोगें आहे, आणि तपासण्याचें साहित्य दिल्लीपेक्षां पैनगंगेच्या दोन्ही कांठांस अधिक सांपडेल. तेथील जुन्या घरांत, अडत्यांच्या दुकानांत व पाटील-पटवाऱ्यांच्या वाड्यांत निजामी करोडगिरीच्या पावत्या, हाली-कलदार बट्ट्याचे हिशेब, परवाने व कुळांचीं पत्रें असण्याचा संभव आहे. संग्राहक मंडळी मोडी कागद म्हटला कीं पेशवाईच शोधतात व विसाव्या शतकांतील उर्दू शिक्क्याची पावती रद्दींत टाकतात; तसें करूं नये. कालनिर्णयाविषयीं एक सूचना. निजामी दप्तरांतील फसली वर्ष त्या काळीं आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या प्रारंभीं, सुरू होई. इकडील दक्षिणी फसलीप्रमाणें मृगापासून नव्हे. त्यामुळें १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ चा प्रारंभ, आणि 'जैसे थे' करारापासून शरणागतीपर्यंतचा सर्व काळ या एकाच फसली सालांत बसतो. पावतीवर १३५७ हा आंकडा व आबान महिना असेल तर ती त्या वर्षाच्या अगदीं शेवटची, म्हणजे सप्टेंबरांतील किंवा त्याच्या मागच्या-पुढच्या दिवसांची, समजावी. अशा पावतीवर मिठाचें वजन लिहिलेलें असल्यास तीवरील आंकडा व नाक्याचें नांव, दोन्ही जसेंच्या तसें उतरून घ्यावें.